म्हाताऱ्यांची सेवा आणि गावाची सावड

शेतीच्या मासिकात बियाणे, खते, जनावरे व बाजारभाव यांची चर्चा व्हावी. घरातील म्हाताऱ्या माणसांची चर्चा येथे कशास, असे आमचे कित्येक वाचक म्हणतील. त्यांस आमचे उत्तर असे की, शेतकऱ्याचे घर आणि शेतकऱ्याचे शेत ही दोन निराळी खाती नव्हेत. घरातील एक माणूस अंथरुणास खिळले म्हणजे शेतातील दोन हात कमी होतात, खुरपणी मागे पडते, दुभत्या जनावरांची आबाळ होते, आणि औषधपाण्यासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा शेवटी त्याच सातबाऱ्यावर चढतो. तेव्हा हा विषय शेतीचाच आहे; आजवर आपण तो शेतीच्या हिशेबात धरला नाही, इतकेच.

म्हातारपण काही नवे नाही; पण त्याची लांबी व त्याची संगत ही दोन्ही बदलली आहेत. २०११ च्या खानेसुमारीत ६० वर्षे व त्यांहून अधिक वयाची माणसे देशात सुमारे १० कोटी ३८ लक्ष आणि महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ११ लक्ष होती. म्हणजे आपल्या राज्यात शंभर माणसांमागे जवळजवळ दहा माणसे साठीच्या पलीकडची होती, आणि त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. पूर्वी पटकीने, विषमज्वराने माणसे हातीपायी धड असताना निघून जात. आज मधुमेह, रक्तदाब व पक्षाघात सोबतीस घेऊन माणसे दहा-दहा, वीस-वीस वर्षे काढतात. आयुष्य वाढले ही आनंदाची गोष्ट होय. पण त्याबरोबर परावलंबनाची वर्षेही वाढली, हे विसरून चालणार नाही.

दुसरीकडे, ज्या घरात ही वर्षे काढावयाची ते घर लहान झाले आहे. एक मुलगा पुण्यास, एक मुंबईस, लेकी सासरी, आणि वस्तीवरच्या घरात दोन म्हातारी माणसे व एक कुत्रे, हे चित्र आज कोणत्याही तालुक्यात पाहावयास मिळते. पंचाहत्तरीच्या बाईने ऐंशीच्या नवऱ्यास उचलून बसवावयाचे, अशी ही स्थिती आहे. जेथे मुलगा व सून घरी आहेत तेथे त्यांच्या वाट्यास धाकट्या मुलांचे शिक्षण, शेती, जनावरे आणि वडीलधाऱ्यांची सेवा ही चारही ओझी एकदम येतात. पूर्वी जे ओझे चार जावा वाटून घेत, ते आज एकीच्या शिरावर आहे.

सेवा हा शब्द उच्चारावयास सोपा आहे. ती म्हणजे नक्की काय, हे ज्या पुरुषांनी ती कधी केली नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. जो रोगी आपण होऊन कूस पालटू शकत नाही, त्यास साधारण दर दोन तासांनी कुशीवर फिरवावे लागते. तसे न केले तर माकडहाड, खुबा व टाचा या ठिकाणी कातडी लाल होते, मग ती फाटते, आणि एकदा जखम पडली की महिनोन् महिने भरून येत नाही. पक्षाघाताच्या रोग्यास आडवे ठेवून भरविले तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. यास्तव त्यास टेकवून बसवून, लहान-लहान घास देऊन, जेवणानंतरही अर्धा तास बसते ठेवावे लागते. अंथरूण ओले होऊ नये म्हणून पाणी कमी पाजण्याची चाल कित्येक घरांत आहे. ती घातक आहे, कारण पाणी कमी पडले की बद्धकोष्ठ होते, लघवीचा दाह होतो, आणि म्हातारे माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागते. घरच्यांस वाटते, वयामुळे भ्रमिष्ट झाले. वस्तुतः तो औषधाने बरा होणारा विकार असू शकतो व त्यास त्याच दिवशी वैद्यकीय मदत हवी असते.

याहून अवघड अवस्था स्मृतिभ्रंशाची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे, साठीवरील शंभर माणसांपैकी सातांहून अधिकांस हा विकार आहे. म्हणजे देशात अशी सुमारे ८८ लक्ष माणसे आहेत. अशा माणसाचे हातपाय चालतात, पण त्यास घरची वाट आठवत नाही. ते मध्यरात्री उठून विहिरीकडे चालू लागते, जेवण झाल्यावरही सून जेवू घालीत नाही असे शेजाऱ्यांस सांगते, आणि शेजारी ते खरे मानतात. ज्या बाईने रात्रभर डोळा लावलेला नसतो, तिच्याच पदरी हा बोल येतो. या दुःखास औषध नाही. परंतु शेजाऱ्यांस रोगाचे ज्ञान असते तर निदान बोल तरी लागला नसता.

आता ही सेवा करतो कोण, ते पाहू. केंद्र सरकारने २०२४ साली लोक आपला वेळ कसा घालवितात याची पाहणी केली. तीत १५ ते ५९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ४१ जणी घरातील माणसांची निगा राखण्यात गुंतलेल्या आढळल्या, व त्यांचे रोजचे सुमारे १४० मिनिटे त्यात जात. पुरुषांत हे प्रमाण शेकडा २१ च्या आसपास, व वेळ ७४ मिनिटे. या निगेत मुलांचे करणेही आले. तरी कल कोणीकडे आहे हे उघड दिसते. स्वयंपाक, धुणे, पाणी यांचा वेळ यात धरलेलाच नाही.

असे असून या बाईचे नाव कोठेच नाही. २००७ साली केंद्र सरकारने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा केला. त्यात मुलगा, मुलगी, नातू व नात यांवर जबाबदारी ठेविली आहे. सुनेचा उल्लेख त्या व्याख्येत नाही. कायद्याप्रमाणे जी बांधील नाही, सातबाऱ्यावर बहुधा जिचे नाव नाही, ती हे सर्व करते. आणि गावात मात्र अमक्याने आईबापांची फार सेवा केली, अशी कीर्ती मुलाची होते. आमचे हे म्हणणे कित्येकांस झोंबेल. पण ते खोटे आहे असे कोणी शपथेवर सांगेल, असे आम्हांस वाटत नाही.

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजनेचे वेतन २०२३ साली दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीवरील माणसांस राज्याच्या एस.टी. गाड्यांतून फुकट प्रवास मिळू लागला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या माणसास, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेखाली वर्षास कुटुंबामागे ५ लक्ष रुपयांपर्यंत इस्पितळातील उपचारांची सोय झाली. ज्या वाचकांच्या घरी सत्तरीवरील माणूस आहे आणि ज्यांनी अद्याप हे कार्ड काढले नाही, त्यांनी ते या महिन्यातच काढावे. परंतु या तिन्ही सोयींचे स्वरूप पाहा. एक पैसा देते, एक प्रवास देते, एक इस्पितळाचे बिल भरते. इस्पितळातून घरी आणल्यानंतरची जी चार वर्षे, त्यांत दोन तास बसावयास माणूस यांपैकी एकही सोय देत नाही. आणि त्या बाईस पैशाहूनही दोन तासांची गरज अधिक असते. दोन तास मिळाले तर ती झोप घेईल, स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्यात जाईल, भावाच्या घरच्या लग्नास जाऊन येईल. हे दोन तास सरकार देऊ शकणार नाही. ते गावच देऊ शकेल.

गावास ही गोष्ट अपरिचित नाही. सावड, इर्जिक, पैरा हे शब्द आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नकोत. एकाच्या शेताची पेरणी आज सर्वांनी मिळून करावयाची, उद्या दुसऱ्याची. बैल कमी असतील त्याच्या रानात दहा औते नेऊन एका दिवसात नांगरट उरकावयाची व संध्याकाळी त्याच्या घरी जेवावयाचे. ही व्यवस्था सहकारी कायदा जन्मास येण्यापूर्वी शेकडो वर्षे चालत आली. शेताचे काम एकट्याने उरकत नाही हे आपण ओळखले, म्हणून ती निघाली. म्हाताऱ्याची सेवाही एकट्याने उरकत नाही. मग तिची सावड का निघाली नाही?

आमच्या मते त्याचे कारण निष्ठुरपणा नव्हे. सावडीचा हिशेब त्याच हंगामात फिटतो. मी आज तुझ्या रानात राबलो, तू परवा माझ्या रानात राबशील, हे दोघांसही दिसते. सेवेचा हिशेब इतक्या लवकर फिटत नाही. आज जी पस्तिशीची सून शेजारणीच्या सासऱ्याजवळ दोन तास बसेल, तिची स्वतःची गरज कदाचित तीस वर्षांनी येईल. तोवर ती शेजारीण हयात नसेल, तिची मुले गाव सोडून गेली असतील. मग फेड करावयाची कोणी? इतक्या लांब मुदतीचे देणेघेणे दोन माणसांत राहू शकत नाही. त्यास मध्ये अशी संस्था हवी की जी माणसांबरोबर मरत नाही, जिचे दप्तर एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते, आणि जिच्यावर दोघांचाही विश्वास आहे. अशी संस्था बहुतेक गावांत आहे. तीस आपण सोसायटी म्हणतो. दहा-वीस वर्षांच्या कर्जाची नोंद जी ठेवू शकते, ती सेवेची नोंद ठेवू शकणार नाही काय?

हे केवळ कल्पनेचे बोलणे नव्हे. केरळात १९९३ साली कोझिकोड येथे काही डॉक्टरांनी असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करण्यासाठी एक संस्था काढली. थोड्याच वर्षांत त्यांच्या ध्यानी आले की, रोगी दवाखान्यात दोन तास असतो व उरलेला सर्व काळ घरी असतो. तेव्हा दवाखाना मोठा करून भागणार नाही, शेजार तयार केला पाहिजे. म्हणून १९९९ च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांची जाळी उभारण्यात आली. जो आठवड्यास निदान दोन तास देईल अशा माणसास सोळा तासांचे शिक्षण व चार दिवस रोग्यांच्या भेटींचा अनुभव देऊन तयार करावयाचे, आणि खर्चासाठी गावातूनच लहान-लहान वर्गण्या जमवावयाच्या, अशी ही पद्धत. २००८ साली केरळ सरकारने या कामाचे धोरण जाहीर केले, आणि तेव्हापासून पंचायतींच्या मार्फत परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे आधी लोक उठले व सरकार मागून आले.

जपानात तेरुको मिझुशिमा या बाईंनी १९७३ साली ओसाका येथे श्रमाची पेढी काढली. तीत पैशाऐवजी तास जमा होत. दुसऱ्याच्या घरी जितके तास काम केले तितके तास आपल्या अडचणीच्या वेळी मागता येत. आमच्या सावडीचेच हे वहीत उतरविलेले रूप म्हणावयाचे. परंतु या बाबतीत आमचे मत थोडे निराळे आहे. तासांची नोंद जरूर असावी, म्हणजे ज्याने काम केले त्याचा मान राहील. परंतु ज्याच्या खाती तास जमा नाहीत त्याच्या दारी पाळी जाणार नाही, असे मात्र कदापि होऊ नये. ज्यास मूलबाळ नाही, जो आयुष्यभर बाहेरगावी राबला, जी विधवा एकटी आहे, त्यांच्याच खाती तास नसणार, आणि त्यांचीच गरज सर्वांत मोठी असणार.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. आमची सूचना चार गोष्टींची आहे, आणि चारही कोणत्याही मध्यम प्रतीच्या सोसायटीस झेपण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट यादी. गावातील प्रत्येक वाडीवस्तीवरील परावलंबी म्हाताऱ्यांची यादी करावी. आशा सेविकेस व प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकेस बरीचशी घरे ठाऊक असतात, त्यांस विचारावे. परंतु यादीत रोग्याच्या नावासमोर दुसरा एक रकाना अवश्य असावा: त्याचे करणारे माणूस कोण, त्याचे वय काय, आणि ते मागल्या महिन्यात घराबाहेर किती वेळा पडले. हा रकाना भरला म्हणजे पुष्कळ गोष्टी न बोलता कळतील.

दुसरी गोष्ट पाळी. एका वाडीत ३० घरे आहेत आणि त्यांपैकी निम्म्या घरांनी आठवड्यास दोन तास दिले, असे धरू. एकंदर ३० तास झाले. वाडीत अंथरुणास खिळलेली माणसे तीन असली, तरी प्रत्येक घरास आठवड्यास १० तास मिळतात. पुरुष रोग्याजवळ पुरुषाने बसावे, स्त्रीजवळ स्त्रीने. म्हणजे संकोच राहणार नाही, व पुरुषांसही हे काम शिकावे लागेल. कूस कशी पालटावी, घास कसा द्यावा, हे परिचारिकेकडून दोन दिवसांत शिकता येते. ज्यास रोग्याजवळ बसवत नाही त्याने त्या घरचे शेत सांभाळावे. रात्री वीज येते तेव्हा त्या घरचे पाणी धरावे, खत टाकावे, दूध डेअरीस पोचवावे. हीही सेवाच होय. मात्र एक नियम कडकपणे पाळावा: पाळीस गेलेल्या माणसाने त्या घरच्या कागदास, पैशास व रोग्याच्या अंगठ्यास हात लावू नये. जमिनीच्या लोभाने सेवेचे सोंग घेणारे लोक जगात आहेत. अशी एक जरी गोष्ट घडली तर सर्व काम बुडेल.

तिसरी गोष्ट साहित्याची कोठी. फवारणीचे पंप व पेरणी यंत्रे जशी सभासदांस भाड्याने मिळतात, तशीच डोके उचलता येणारी खाट, हवेची गादी, चाकांची खुर्ची, शौचाची खुर्ची व वॉकर ही सोसायटीत ठेवावी. एका घरास ही साधने दोन-तीन वर्षे लागतात. मग ती माळ्यावर धूळ खात पडतात. ज्या घरचे माणूस गेले त्या घराने ती तेराव्यानंतर सोसायटीस द्यावी. मृताच्या स्मरणार्थ याहून चांगले दान आम्हांस सुचत नाही. पैशाचा प्रश्नही फार मोठा नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्यातील ६९ व्या कलमाप्रमाणे, राखीव निधी बाजूस काढल्यावर नफ्याच्या शेकडा २० पर्यंतची रक्कम, जरूर ती मान्यता घेऊन, लोकोपयोगी कामास देता येते. हा अधिकार कमानी व स्वागताचे फलक यांपुरताच वापरला पाहिजे असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही.

चौथी गोष्ट कागद. ही जमीनदारांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. बाप हयातीतच जमीन मुलांच्या नावे करतो, नातवाच्या कर्जासाठी किंवा वाटणीचा तंटा मागे राहू नये म्हणून. हेतू चांगला असतो. पण त्या कागदात म्हाताऱ्यांच्या पोटाविषयी एक ओळ नसते. २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमात सोय अशी आहे की, ज्येष्ठ नागरिकाने आपल्या मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर मालमत्ता बक्षीस दिली किंवा अन्य रीतीने दिली, आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर न्यायाधिकरणास तो व्यवहार रद्द ठरविता येतो. परंतु ती अट असली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले, आणि अट नसल्यामुळे त्या प्रकरणातील आईस या कलमाचा आधार मिळाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावून आईस मालमत्ता परत देवविली. तेथे मुलाने सांभाळण्याचे वचन लिहून दिल्याचा आधार होता. दोन्ही निवाड्यांवरून शिकावयाचे ते एकच: जे मनात आहे ते कागदावर आणावे.

मुलाकडून लिहून घेणे हा अविश्वास होय, असे कोणी म्हणेल. जर्मनीतील शेतकऱ्यांत ही चाल फार जुनी आहे. शेत मुलाच्या हवाली करताना म्हाताऱ्यांसाठी राहावयाची खोली, धान्य, दूध, सरपण व आजारपणातील सेवा हे सर्व करारात लिहून ते जमिनीच्या दप्तरात नोंदवीत. त्यामुळे कोणाचे काय, हे आधीच ठरे. बँकेचा बोजा सातबाऱ्यावर लिहिताना आपणांस लाज वाटत नाही; मग आईच्या भाकरीचा करार लिहिताना ती का वाटावी? आणि लिहावयाचेच तर जी सेवा करणार आहे त्या सुनेच्या नावेही काही लिहावे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत शेतकऱ्यांस आपल्या जमिनीचा वाटा घरच्या लक्ष्मीच्या नावे करण्यास सांगितले होते, आणि पुष्कळांनी तो केलाही. त्या विचाराची आठवण येथे करून देणे आम्हांस अस्थानी वाटत नाही.

या सूचनांवर आक्षेप निघतील, हे आम्ही जाणतो. पहिला आक्षेप अब्रूचा. आमच्या घरच्या म्हाताऱ्याचे करावयास शेजारी का यावे, आम्ही काय मेलो आहोत, असे म्हणणारे पुष्कळ निघतील. त्यांस आम्ही विचारतो: तुमच्या रानात इर्जिक झाली तेव्हा तुमची अब्रू गेली होती काय? शेजारी मदतीस आला म्हणजे घराची लाज जात नाही. पाठीला जखमा पडून माणूस कुजते तेव्हा ती जाते. दुसरा आक्षेप असा की, ज्यांस जमत नाही त्यांनी वृद्धाश्रमात ठेवावे. ज्यांस कोणीच नाही त्यांच्यासाठी वृद्धाश्रम अवश्य हवेत, आणि तेथे जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु ज्याने साठ वर्षे एकच बांध पाहिला त्यास शेवटी तो बांध दिसावा, एवढी इच्छा पुरविणे गावाच्या हाती असताना त्यास दूर धाडणे हा पहिला उपाय होऊ नये.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही, म्हणून तो आम्हीच बोलतो. पाळीचे माणूस कोणत्या घरचे येणार, आणि ते कोणत्या घरी जाणार? सोसायटीचे सभासद जमीनवाले. गावात ज्यांस जमीन नाही, ज्यांनी जन्मभर आपल्या शेतांत मजुरी केली, त्यांच्यातही म्हातारी माणसे आहेत. आणि त्यांचे करणारे माणूस एक दिवस घरी बसले तर त्या दिवशी चूल पेटत नाही. यादीत ती घरे आली नाहीत, किंवा आमच्या घरची माणसे त्यांच्या दारी पाळीस गेली नाहीत, तर या कामास सेवा म्हणू नये. तो आपसांतला एक सोयीचा सौदा झाला. ज्या हातांनी आपले कापूस वेचले व ऊस तोडले, ते हात थकल्यावर ते धरावयास जाताना जात आडवी येत असेल, तर आपल्या सहकारास काही अर्थ नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चौथा आक्षेप खरा आहे, व त्यास आम्ही मान देतो. हंगामात वेळ कोणास आहे? पेरणीच्या आठवड्यात व सुगीत पाळ्या चुकतील हे कबूल. म्हणूनच पाळ्या घरवार न ठेवता वाडीवार ठेवाव्या. ज्या वाडीत कापणी लवकर संपते तिने पुढील पंधरवडा दुसरीचा भार घ्यावा. आणि काही पाळ्या चुकल्या म्हणून सर्वच सोडून देऊ नये. वर्षाकाठी शंभर पाळ्यांपैकी साठ जरी पार पडल्या, तरी जेथे आज एकही नाही तेथे साठ झाल्या.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयाच्या असतात. त्या सभेत लाभांशाची, खतपुरवठ्याची व कर्जवाटपाची चर्चा होईल, ती व्हावीच. आमची विनंती एवढीच की, प्रत्येक गावच्या निदान एका सभासदाने सभेपुढे एक ठराव मांडावा: या गावातील परावलंबी म्हाताऱ्यांची व त्यांचे करणाऱ्यांची यादी दोन महिन्यांत तयार करावी, आणि त्या कामासाठी पाच जणांची समिती नेमावी, तीत निदान तीन स्त्रिया असाव्यात. पाळ्या, कोठी व कागद ही पुढची पावले होत. यादी हे पहिले पाऊल आहे, आणि त्यास एक पैसाही लागत नाही. ज्या गावांत असा ठराव होईल त्यांनी आम्हांस कळवावे. यादी करताना काय अडचणी आल्या, पाळ्या कशा बसविल्या, कोणत्या मोडल्या, हे सर्व आम्ही या पानांत आनंदाने छापू. कारण एका गावाचा अनुभव दुसऱ्या गावास उपयोगी पडतो, आणि त्यासाठीच हे मासिक आहे.